पन्नास ओहमची मनधरणी

नागपूरकराने हौशी रेडिओचा, म्हणजे घरच्या रेडिओयंत्रावरून दूरच्या अनोळखी लोकांशी बोलण्याचा, नाद करावा, याला भूगोलाचाच पाठिंबा आहे. झिरो माइलपासून दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई सगळी हवाई अंतराने हजार किलोमीटरच्या आत, आणि ७ मेगाहर्ट्झच्या लहरी दिवसाढवळ्या आयनांबरावर, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर, आपटून साधारण याच टप्प्यात खाली येतात. गच्चीवर अँटेना म्हणून वीस मीटर तार ताणली की देश हाताशी. आकाशाची काहीच तक्रार नाही. तक्रार गच्चीची आहे. आमच्या सोसायटीची गच्ची सोळा मीटरची. तिच्यावर पाण्याच्या टाक्या, डिशच्या छत्र्या आणि उन्हाळ्यात समस्त काकूंचे पापड, कुरड्या, सरगुंडे. तारेची दोन्ही टोकं खाली वाकवून लोंबकळत ठेवावी लागली.

रेडिओला पुढ्यात पन्नास ओहमचा भार लागतो (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप). वाकवलेल्या तारेचं काही खरं नसतं. जुळलं नाही की पाठवलेली शक्ती परत येते: मीटरवर एसडब्ल्यूआर (जुळणीचं माप, एक म्हणजे तंतोतंत) तीन दिसला की शंभरातले पंचवीस वॅट उंबरठ्यावरूनच माघारी. म्हणून मधे ट्यूनर बसवायचा. ट्यूनर म्हणजे लग्न जमवणारा मध्यस्थ. त्याच्याने ना मुलाचा स्वभाव बदलतो, ना मुलीचा. तो फक्त मुलाकडच्यांना पटवून देतो, की मुलगी अगदी तुम्हाला हवी तशी, पन्नास ओहमची आहे. तार वर वाकडीच राहते, रेडिओचं समाधान होतं.

परदेशी ट्यूनरचा भाव मी बायकोला सांगितला. आमच्याकडे किमती कूलरमध्ये मोजतात. "दोन कूलर येतात त्यात," ती म्हणाली. मी म्हटलं, राजीव गांधीसुद्धा हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले होते, त्यांची हवेतली ओळख व्हीयू टू आरजी. "त्यांची गच्ची सोसायटीची नव्हती," ती म्हणाली. घरीच करायचं ठरलं.

नकाशा अर्ध्या पानात मावतो. दोन गँग कंडेन्सर (जुन्या रेडिओत स्टेशन लावायला फिरवायचे ते), त्यांच्या मधून अर्थिंगला जाणारी एक कॉइल. आणि एक रोटरी स्विच, म्हणजे एका खटक्यात ७ ची तार, दुसऱ्यात १४ ची, तिसऱ्यात चाचणीचा डमी लोड, म्हणजे तारेऐवजी शक्ती गिळणारा खोटा भार, चौथ्यात सगळं थेट जमिनीला. (जूनमध्ये विजा कडाडू लागल्या की मी चौथ्यावरही विश्वास ठेवत नाही, केबलच उपटून बाजूला ठेवतो.) बर्डीत रोटरी स्विच मिळाला. गँग म्हटल्यावर मात्र मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या पोराने मला मागच्या गल्लीतलं हार्डवेअरचं दुकान दाखवलं.

गँग अखेर महालात सापडले. एक म्हातारे काका अजून व्हॉल्व्हचे रेडिओ उघडून बसतात. त्यांनी धुळीचा एक ठोकळा काढला, फुंकर मारली आणि दांडी फिरवली. अॅल्युमिनियमची अर्धगोल पाती एकमेकांत शिरली, कुठे घासली नाहीत, कुठे अडली नाहीत. "पाहा," ते म्हणाले, "आजकाल असं माल बनवते का कोणी?" मग त्यांनी विचारलं, कोणाशी बोलणार? कोण भेटेल त्याच्याशी, मी म्हणालो. काकांनी दुसरा गँग फुकट दिला. माझी कीव आली असावी.

कॉइलसाठी जाड इनॅमलची तार हवी होती, म्हणून मोटार वाइंडिंगवाल्याकडे गेलो.

"पंपाची का कूलरची?"

"मोटारीची नाही. पीव्हीसी पाइपवर गुंडाळायची आहे."

"आतमंधी लोखंड?"

"काही नाही. हवा."

"मंग फिरन कशी?"

"फिरत नाही."

"मंग करते काय?"

या प्रश्नाचं उत्तर मी इंजिनिअरांनाही धड देऊ शकलेलो नाही. तार गच्चीवर आहे, लहरी जमिनीवरून वर जातात, वगैरे सांगू लागलो. 'जमीन' ऐकल्यावर त्याचा चेहरा उजळला. "असं म्हना नं साहेब, पानी पाहाची मशीन बनवून राह्यले!" त्याने तार तोलून दिली आणि पैसेही कमी घेतले.

खोकं म्हणून पंधरा किलोचा तेलाचा पत्र्याचा डबा कापला; त्याला सोल्डरचा डाग छान बसतो. या जोडणीत गँगची चौकट पत्र्याला लागून चालत नाही, म्हणून खाली प्लॅस्टिकचा चॉपिंग बोर्ड. तो कुठून आला, हा घरात अजून वादाचा विषय आहे.

खरी परीक्षा पुढे. दहा वॅट सोडायचे, एक बटण केसभर फिरवायचं, दुसरं केसभर उलट, आणि सुईकडे पाहत राहायचं. सुई लोळत लोळत एकावर आली. मी हात काढला. सुई उठून अडीचवर. हात लावला, एकावर. मीच सर्किटचा भाग झालो होतो. बायको चहा घेऊन आली तेव्हा तिला म्हटलं, जरा इथे बोट ठेव, मी कॉल देतो. ती कप ठेवून निघून गेली. शेवटी दांडी कापून मधे बॉलपेनची नळी जोडली, तेव्हा कुठे माझा आणि सुईचा संबंध तुटला.

पहिलं उत्तर हैदराबादहून आलं. सिग्नल फाइव्ह नाइन, म्हणजे स्वच्छ आणि खणखणीत. एवढी तार, एवढी कॉइल, एवढं आयनांबर ओलांडून त्या गृहस्थाने पहिलं काय विचारलं असेल? "नागपूरला आज किती टेम्परेचर?" चव्वेचाळीस, मी म्हणालो. "अरे बाप रे, ओव्हर," तो म्हणाला, आणि मग आम्ही बराच वेळ कूलरच्या ताट्यांवर बोललो.

त्याच आठवड्यात वाइंडिंगवाल्याचा फोन. "साहेब, झाली का मशीन? काटोलले माह्या साळ्याच्या संत्र्याच्या बगिच्यात बोअर माराची हाय. येता का घेऊन?"

मी स्पष्ट सांगितलं, भाऊ, याने पाणी दिसत नाही.

"कोनालेच दिसत नाही साहेब. नारळवाल्याले आमी हजार रुपये देल्ले, त्याले बी नाही दिसलं. तुमच्या मशीनले काटा तरी हाय."

बायको पलीकडून ऐकत होती. "हो म्हणा," ती म्हणाली. "चॉपिंग बोर्डचे पैसे तरी निघतील."