शुर्रास्कोवर एवढा राग कशाला?

‘ब्राझीलचं शुर्रास्को सिगारेटइतकंच घातक. नुसता धूर, चरबी नि मीठ, भाजीचं नाव नाही,’ असा मेसेज फिरतोय. शुर्रास्को म्हणजे सळईला टोचून निखाऱ्यांवर भाजलेलं मांस.

सिगारेटचा मुद्दा आधी, कारण घाबरवतो तोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये तंबाखूच्या गटात टाकलं ते सॉसेज, बेकनसारखं प्रक्रिया केलेलं मांस. साधं लाल मांस (गाय, बकरी, डुक्कर यांचं) त्याखालच्या, ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात आहे. शिवाय हे गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतात, धोका किती मोठा ते नाही. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेल्या मांसाने आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्के वाढतो. धूम्रपानाने फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. तेव्हा हात आखडायचाच तर सळईवरच्या सॉसेजला आखडा.

चरबी? पिकान्या या गोमांसाच्या लाडक्या तुकड्याची चरबी एका कडेला थराने असते, सुरीने सहज निघते. (शुर्रास्कोचं माहेर असलेल्या, दक्षिण ब्राझीलमधल्या रिओ ग्रांदे दो सुल राज्याच्या माणसासमोर मात्र काढू नका.) मीठ जाडं असतं आणि जास्तीचं वाढण्याआधी झटकतात, तरी रक्तदाब असेल तर खारट कडा सोडून आतले काप मागा.

धुराचं म्हणणं खरं आहे. चरबी विस्तवावर ठिबकली की भडका उडतो, आणि त्या धुरातली घातक रसायनं मांसावर बसतात. म्हणून ज्वाळा बसल्यावर, निखाऱ्यांपासून उंचावर भाजायचं आणि करपलेलं कापून टाकायचं.

भाजीचं नाव नाही, हे कोणी लिहिलं कोण जाणे. टोमॅटो, कांदा, ढोबळी मिरची नि व्हिनेगरचं व्हिनाग्रेते म्हणजे जवळजवळ आपली कोशिंबीरच. सोबत भात, बऱ्याच घरी बीन्सही. ब्राझील सरकारची २०१४ ची आहार मार्गदर्शिका हेच सांगते: ताजं, मुख्यतः वनस्पतिजन्य अन्न खा, आणि जमेल तेव्हा सोबतीने जेवा.

खरी अडचण मेसेजात आलेलीच नाही. रोडीझिओ हॉटेलात तुम्ही नको म्हणेपर्यंत वाढपी सळया घेऊन येत राहतात. जागतिक कर्करोग संशोधन निधीची लाल मांसाची मर्यादा आठवड्याला शिजवलेलं ३५० ते ५०० ग्रॅम. ती एका बैठकीत संपू शकते. आधी सॅलड नि चिकन घ्या, पिकान्या आलं की दोन-तीन काप, आणि मग टेबलावरच्या कार्डाची लाल, म्हणजे ‘आता पुरे’ सांगणारी, बाजू वर करा.