लफीचा आवाज एका ओळीत उरकला?
वरच्या लेखात अमेरिकन व्हॉइस अ‍ॅक्ट्रेस कॉलीन क्लिंकनबियर्डचं नाव आलंय पण एका ओळीत उरकलंय, हे काय पटलं नाही बुवा. 2007 पासून वन पीस या जपानी अ‍ॅनिमेच्या (कार्टून मालिकेच्या) इंग्लिश डबमधे त्यातला हिरो पोरगा लफी, त्याचा आवाज तीच देतेय आणि दुसऱ्या अ‍ॅनिमेंपैकी फेअरी टेलमधली एर्झा अन् फुलमेटल अल्केमिस्टमधली रायझा हॉकआय पण तीच, कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही खरंच. डबिंगचं डायरेक्शनपण केलंय तिने, ते तर लेखात नाहीच! आणि वर कमेंटमधे कुणीतरी विचारलंय पोराला बाईचा आवाज कशाला, अहो जपानीतही लफी मायुमी तानाकाच करतात की, त्यापण बाईच. मी तसा सबवाला (मूळ जपानी आवाज अन् खाली सबटायटल्स) माणूस, पण ओठांच्या हालचालीत इंग्लिश वाक्य बसवायचं आणि वर एवढं किंचाळायचं, घसा कसा टिकतो देव जाणे