बोटचेपं धोरण

साप चावला तर माणसाला सहानुभूती मिळते. कुत्रा चावला तर सल्ले मिळतात. पोपट चावला म्हटलं की समोरचा आधी खो खो हसतो आणि मग, "म्हणजे तुझाच पोपट झाला की!" हा विनोद जगात पहिल्यांदाच होतोय अशा थाटात करतो. माझ्या तर्जनीवरची चिकटपट्टी पाहून हा विनोद आजवर इतक्यांनी केलाय, की आता मीच तो आधी करून मोकळा होतो.

आमचा शांताराम म्हणजे हिरव्या गालांचा कॉन्यूर, पोपटाचीच एक छोटी जात. खानदान दक्षिण अमेरिकेतलं, वजन जेमतेम 70 ग्रॅम. साबणाची वडी याच्यापेक्षा जड असते. (नाव तो चावायला लागण्याआधी ठेवलं होतं.)

पहिल्याच दिवशी मी मोठ्या प्रेमाने बोट पुढे केलं आणि म्हणालो, "ये." शांतारामने मान वाकवली, चोच उघडली आणि बोटाकडे आणली. मी हात झटकन मागे घेतला. तो तोल जाऊन फडफडला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मात्र त्याने बोट असं काही पकडलं, की 'बोट दिलं तर हात धरतो' ही म्हण कुणाच्या अनुभवातून आली असेल ते मला कळलं.

पक्ष्यांच्या डॉक्टरांनी बोटाकडे न पाहताच निदान केलं. "तो चावत नव्हता हो, फांदी तपासत होता." पोपटाची चोच म्हणजे त्याचा हात, शिवाय तिसरा पाय. 2022 साली लव्हबर्ड या छोट्या पोपटांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उभ्या पृष्ठभागावर चढताना ते चोचीवर पायाइतकाच, किंबहुना जास्तच जोर देतात असं त्यात मोजून दाखवलंय. वरची चोच कवटीला बिजागरीसारखी जोडलेली असते, म्हणून तीही हलते. टोकाशी स्पर्श जाणणारे मज्जातंतू ठासून भरलेले. तर असा हा प्राणी पाऊल टाकण्याआधी फांदी चोचीने चाचपतो आणि नेमक्या त्याच क्षणी ती फांदी घाबरून पळते. डगमगत्या शिडीवर आपणही कठडा घट्टच धरतो की. दोष सगळा माझ्या बोटचेप्या धोरणाचा होता.

पण तोवर दुसरा घोटाळा झाला होता. चावा बसला की मी "आई गंऽऽ" असा टाहो फोडायचो, एका पायावर नाचायचो आणि आतून बायको धावत यायची. शांतारामच्या बाजूने पाहा. एवढासा चिमटा काढला की एवढा मोठा प्राणी लाल होतो, गातो, नाचतो, वर दुसरं पात्रही रंगमंचावर येतं. वन्स मोअर कोण मागणार नाही?

मग हितचिंतकांचे उपाय झाले. तोंडावर फुंकर मारून पाहिली. तो भेदरला, दोन दिवस मला पाहून कोपऱ्यात बसला आणि मग भीतीपोटी आणखी जोरात चावला. शिक्षा म्हणून पिंजऱ्यात ठेवलं, तर 'घरी जायचंय? चावा!' एवढाच बोध त्याने घेतला. चोचीवर टिचकी मारा म्हणणाऱ्याचं मात्र मी ऐकलं नाही. 70 ग्रॅमच्या जीवाशी मारामारी करायला मलाही थोडी लाज आहे.

खरी गंमत वसंतात. मी रोज त्याच्या पाठीवरून, पंखांखालून मायेने हात फिरवत होतो. एके दिवशी त्याने मान खालीवर करत माझ्या अंगठ्यावर खाल्लेलं सगळं काढून ठेवलं. मी आजारी समजून डॉक्टरांकडे पळालो. ते म्हणाले, "प्रेमात पडलाय. डोकं आणि मान, बास. पाठीवर हात म्हणजे लग्नाची मागणी." म्हणजे मी रोज सकाळी वचन देऊन ऑफिसला पळणारा दगाबाज ठरलो होतो! बायको जवळ आली की तो चावायचा, आणि तेही मलाच. आपल्या माणसाने धोक्यापासून दूर पळावं म्हणून.

त्यातून तो काही लपवतही नाही. डोळ्यांच्या बाहुल्या क्षणात लहान, क्षणात मोठ्या होतात, मानेची पिसं उभी राहतात, शेपटीचा पंखा होतो. इतकी सविस्तर नोटीस मला आजवर कुणी दिलेली नाही. पण मी मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेलो.

कुरतडणं हे वेगळंच खातं. चोच नखांसारखी जन्मभर वाढते, तिला झिजायला काहीतरी हवंच. म्हणून लाकडी खेळणं आणलं. साहेबांनी खेळण्याकडे ढुंकूनही न बघता त्याच्या खोक्याचा भुगा केला, आणि तोंडी लावायला माझ्या लॅपटॉपचं एंटर बटण.

आता माझं धोरण पक्कं आहे. हात स्थिर, चेहरा दगडी, तोंड बंद. तो नीट बोटावर आला की सूर्यफुलाची एक बी. जोर वाढला की न बोलता दांडीवर ठेवायचं आणि काही क्षण पाठ फिरवायची. महिन्याभरात चावे बरेच कमी झाले. रात्री तो माझ्या खांद्यावर डोळे मिटून चोचीवर चोच घासत कर्र कर्र आवाज करतो. म्हणजे स्वारी खूश आहे आणि झोपायला निघाली आहे.

एक गोष्ट राहिली. कॉन्यूर फारसे बोलत नाहीत, पण शांतारामला दोन शब्द येतात. "आई गंऽऽ." हुबेहूब माझ्या आवाजात, दिवसातून वीस वेळा.

परवा त्याच्या डोळ्यांकडे न बघताच मी पिंजऱ्यात हात घातला. दगडी चेहरा वगैरे सगळं विसरून मी किंचाळलो, "आई गंऽऽ!"

आतून बायकोचा आवाज आला, "शांताराम, गप्प बस!"