सूचक, अनुमोदक आणि गरम भजी

तर तुम्ही ग्रामपंचायत सदस्य झालात. अभिनंदन! कानात गुलाल अजून असेल तर राहू द्या, पुढची पाच वर्षं कानांचं फारसं काम नाही. मासिक सभेला हजर राहिल्याचा भत्ता दोनशे रुपये. निवडणुकीत मटणावर आणि गाड्यांवर झालेला खर्च यातून कधी निघेल, याचा हिशेब मांडू नका. समाजसेवा आहे.

शिपाई नोटीस घेऊन येईल. पोचल्याची सही करा आणि नोटीस खिडकीत खोचा. सभेत पहिला विषय मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करण्याचा. वाचत कोणी नाही, कायम सगळेच करतात. ठराव मांडणारा सूचक आणि त्याला पाठिंबा देणारा अनुमोदक, ही दोन्ही नावं ग्रामसेवक स्वतःच घालतात (2024 पासून त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं असतं, पण गाव ऐकत नाही). पुढे कधीतरी कळतं, की आपल्याच घरामागच्या मोबाइल टॉवरला ना-हरकत द्यावी असं सुचवणारे आपणच होतो. रजिस्टरमध्ये ठरावाखाली चार बोटं जागा कोरी दिसेल. ती का सोडली, हे विचारणारा सदस्य नवखा समजला जातो.

खरी पंचायत 'आयत्या वेळच्या विषयां'त असते. तोवर भजी आलेली असतात, त्यामुळे धडधाकट सिमेंट रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसवायला कोणाचीच हरकत नसते. पंधराव्या वित्त आयोगाने 60 टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला, म्हणजे गटारांची चंगळ. गटार प्रत्येकाला हवं असतं, फक्त ते शेजाऱ्याच्या दारावरून जायला हवं. या एका प्रश्नावर दोन भावक्या पाच वर्षं सहज खेळवता येतात.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेची धास्ती नको. कोरमला, म्हणजे किमान हजेरीला, मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 जण, यांतला कमी आकडा पुरतो. झेंडावंदनाला तेवढे असतात, जिलेबी वाटली की नसतात. सभा तहकूब करायची. तहकूब सभेला कोरमच लागत नाही! कायदा करणाऱ्यांनी गाव पाहिलेलं होतं, यात शंका नाही.

तुम्ही बाई असाल तर काम आणखी सोपं. निम्म्या जागा तुमच्या, खुर्च्या मिस्टरांच्या. रजिस्टर घरपोच येतं. पोळ्या लाटता लाटता पिठाच्या हाताने सही केली तरी चालते. चुकून स्वतः गेलात तर "वहिनी, तुम्ही कशाला त्रास घेतला, दादांना पाठवायचं" असं प्रेमाने सांगतील. तिथून परत फिरा. बसून राहू नका, आणि बसलातच तर हायमास्टच्या दिव्याचं बिल दाखवा असं मुळीच म्हणू नका.

म्हणालात, तर बिल दिसणार नाही. पुढच्या आठवड्यात सासऱ्यांनी बांधलेल्या पडवीची मोजणी मात्र होईल. सरकारी जागेवर अतिक्रमण निघालं की जिल्हाधिकारी सदस्यत्व रद्द करू शकतात, आणि तसा अर्ज करायला गावात उत्साही माणसं पुष्कळ. पडवी खरंच हातभर पुढे आलेली असते. त्या आळीतली प्रत्येक पडवी तशीच असते, अर्ज करणाऱ्याचीही.