किल्ल्यांचा जुडगा

आज दुपारी आमच्या इथल्या मंडळाची सभा होती. घरी येऊन चहा टाकला, तो उतू गेला, गॅस पुसला, तरी डोकं शांत होईना. म्हणून लिहायला बसले आहे. पोस्ट लांबेल, आधीच सांगते.

ठराव असा होता: मंडळाच्या घटनेतली ‘अध्यक्षपदी सलग दोनच वेळा’ ही अट काढून टाकायची. का, तर आत्ताच्या अध्यक्षांनी काम चांगलं केलंय आणि ‘त्यांच्याशिवाय गणपती कोण उभा करणार?’ काम चांगलं केलंय, मान्य. पण हे बोलणारे गृहस्थ पंचवीस वर्षं इथे अमेरिकेत, मेरीलँडमध्ये राहतात हो! ॲनापोलिस इथून गाडीने पाऊण तासावर आहे. तिथल्या स्टेट हाऊसमधल्या, म्हणजे राज्याच्या विधानभवनातल्या, एका दालनात काय घडलं हे इथे शाळेतल्या पोरांना माहीत असतं, आणि आपण मोठी माणसं त्याच मातीवर बसून टाळ्या वाजवतो.

त्या दालनात मी २०१६च्या ऑक्टोबरमध्ये अण्णांना घेऊन गेले होते. अण्णा म्हणजे माझे वडील, सातारा जिल्ह्यातल्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. अंगात स्वेटर, डोक्याला माकडटोपी, पायात जावयाचे बूट. जॉर्ज वॉशिंग्टनचा ब्राँझचा पुतळा तिथे आहे, बरोबर त्या जागी जिथे २३ डिसेंबर १७८३ रोजी त्याने सरसेनापतिपदाचा राजीनामा दिला. मी आपली फोटो काढून निघायच्या घाईत. अण्णा हलेनात.

“टोप्यांचं काय म्हणाली ती गाइड बाई? परत सांग,” म्हणाले.

मी परत सांगितलं. काँग्रेसचे, म्हणजे तेव्हाच्या अमेरिकी संसदेचे, जेमतेम वीसेक सदस्य डोक्यावर हॅट ठेवून खुर्च्यांवर बसलेले, आणि इंग्रजांना हरवणारा सेनापती त्यांच्यासमोर उभा. त्याने वाकून नमस्कार केला. त्यांनी नुसत्या हॅट काढल्या, वाकले नाहीत. तसंच आधी ठरलं होतं. भाषणाचा कागद धरताना त्याचा हात इतका कापत होता की दोन्ही हातांनी धरावा लागला. मग नेमणुकीचं पत्र कोटातून काढून त्याने काँग्रेसच्या अध्यक्षांच्या हातात दिलं. तो अध्यक्ष मिफ्लिन, युद्धाच्या काळात वॉशिंग्टनवर नाराज असलेल्या गटातला. आणि वॉशिंग्टन नाताळला घरी पोचायचं म्हणून लगेच घोड्यावर बसून निघालाही.

“म्हणजे सेनापती उभा आणि पंच बसलेले,” अण्णा म्हणाले आणि टोपी काढून हातात घेतली. किती वेळ तसेच उभे होते.

१७८३च्याच मार्चमध्ये न्यूबर्गच्या छावणीत पगार थकलेले अधिकारी काँग्रेसला दमात घ्यायच्या बेतात होते, हे लक्षात घ्या. तिजोरी रिकामी, सरकार नावापुरतं आणि फौज याच्या शब्दावर चालणारी. याने नुसती मान डोलावली असती तरी पुरे होतं. तो त्यांच्यापुढे गेला, खिशातून चष्मा काढला, तुमच्या सेवेत केस पिकले आणि आता दिसेनासंही होतंय अशा अर्थाचं काही बोलला, आणि ते रांगडे लोक रडले.

आता कोणीतरी लिहीलच की वॉशिंग्टनकडे गुलाम होते. होते. शेकड्यांनी होते, आणि आपल्या मालकीच्यांना सोडायचं तेही मृत्युपत्रात, बायकोच्या पश्चात. अण्णांनीच मला गाडीत सुनावलं होतं, “जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केली ना, त्यांत हा बसत नाही.” बरोबर आहे. पण म्हणून त्या दुपारी त्याने जे केलं ते खोटं ठरत नाही, आणि त्यावर मी आज वाद घालणार नाही.

सभेत दुसरे एक म्हणाले, “अमेरिकेत कायदाच आहे दोन टर्मचा, तिथली गोष्ट वेगळी.” अहो, कायदा आला १९५१ साली! बावीसावी घटनादुरुस्ती. त्याआधी दीडशे वर्षं कुठेही लिहिलेलं नव्हतं. १७९७ साली वॉशिंग्टन दोन वेळा राष्ट्राध्यक्ष राहून घरी गेला, एवढाच आधार. दोनदा राष्ट्राध्यक्ष राहिलेल्या ग्रँटला १८८०मध्ये तिसऱ्यांदा यायचं होतं, त्याच्याच पक्षाने उमेदवारी दिली नाही. फ्रँकलिन रूझवेल्टने १९४०मध्ये ती रीत मोडली, चौथ्यांदाही निवडून आला. महायुद्ध होतं आणि मीही त्यालाच मत दिलं असतं, ठीक. पण त्याच्यानंतर लोकांना ते कागदावर आणावं लागलं, कारण नुसत्या रीतीवरचा भरवसा गेला. आमच्या मंडळाने मात्र कागदावर असलेलं पुसायला घेतलंय.

दुसरा राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स १८००ची निवडणूक हरला तेव्हा १८०१ साली जेफरसनच्या शपथविधीला थांबलासुद्धा नाही. पहाटे चार वाजता गाडीत बसून निघून गेला. रुसला, पण गेला. आणि ६ जानेवारी २०२१ला मतमोजणी चालू असताना कॅपिटॉलमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदभवनात, घुसलेले लोक टीव्हीवर पाहिले तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की रुसून का होईना, निघून जाणारा माणूस किती मोठा असतो. त्या संध्याकाळी अण्णांचा साताऱ्याहून फोन आला होता. “त्या दालनाला काही झालं नाही ना गं?” एवढंच विचारलं.

लिंकनबद्दल लिहिताना राग जरा निवतोय माझा. ऑगस्ट १८६४. यादवी युद्ध चाललेलं, आणि आपण निवडणूक हरणार अशी त्याची जवळजवळ खात्री. त्याने एक कागद लिहिला, घडी घातली आणि मजकूर न दाखवता मंत्र्यांच्या सह्या घेतल्या. आत एवढंच होतं की मी हरलो तर नव्या अध्यक्षाने सूत्रं घेईपर्यंत त्याच्याबरोबर मिळून देश वाचवायचा. युद्ध चालू आहे, निवडणूक पुढे ढकला, असं म्हणायला केवढं मोठं निमित्त होतं हाताशी! ढकलली नाही त्याने.

अण्णा इथून परत गेले आणि डिसेंबरात त्यांनी गावच्या वाचनालयाचं अध्यक्षपद सोडलं. चोवीस वर्षं होते. “अण्णा, परंपरा आहे, तुम्हीच पाहिजे,” असं सगळे म्हणाले. त्यांनी कपाटांच्या सात किल्ल्या, सुतळीत ओवलेला तो जुडगा, टेबलावर ठेवला, शेजारी देवघेवीचं रजिस्टर ठेवलं आणि उठून मागे, वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांच्या बाकावर जाऊन बसले. नव्या अध्यक्षांनी महिन्याभरात संतवाङ्मयाचं कपाट हलवून जिन्याखाली नेलं. अण्णांचा किती जळफळाट झाला ते आईला विचारा. पण वाचनालयात तोंडातून शब्द काढला नाही. आजही संध्याकाळी जातात, वाचकांच्या वहीत सही करतात.

मला अध्यक्षांपेक्षा त्या टाळ्यांचा राग आलाय. मेलविलचं ‘मोबी डिक’ वाचलेल्यांना आठवत असेल, जहाज समुद्रात पुरतं आत गेल्यावर कप्तान एहॅब खरा बेत सांगतो, एका पांढऱ्या देवमाशावर सूड घ्यायचा. सोन्याचं नाणं डोलकाठीला ठोकतो, दारू फिरवतो आणि सगळे खलाशी ओरडून साथ देतात. एकट्या स्टारबकला, कप्तानाच्या हाताखालच्या मुख्य अधिकाऱ्याला, कळतं की हे जहाज आणि ही माणसं या एका माणसाच्या सुडासाठी नाहीत. तो बोलतो, मग गप्प होतो. पुढे एका रात्री बंदूक घेऊन कप्तानाच्या दाराशी उभा राहतो आणि ती परत जागेवर ठेवतो. तिथे गोळी झाडायला हवी होती असं मी म्हणत नाही. पण त्याच्या आधी शंभर वेळा बोलता आलं असतं. वाचताना मला त्या वेड्या कप्तानापेक्षा या शहाण्या माणसाचीच चीड येते.

हे सगळं मी मघाशी अण्णांना फोनवर तावातावाने सांगितलं. तिकडे पहाट होती. त्यांनी ऐकून घेतलं.

“विरोधात किती हात वर झाले?”

“एक.”

“तुझा?”

“नाही अण्णा. एका नव्या मुलीचा, दोन वर्षांपूर्वी आलीये.”

ते काही बोलले नाहीत. मागे आईने रेडिओ लावल्याचा आवाज येत होता. मग म्हणाले, “दुसरी सभा कधी आहे?”

दुसरं मतदान येत्या रविवारी, दुपारी तीनला आहे. त्या मुलीचा नंबर मी मिळवलाय. इथे मंडळातले बरेच जण वाचत असतील, तर नावानिशी सांगून ठेवते, माझं मत विरोधात आहे.