गाडी सहाला सुटेल, गोळीने सगळं बरं होईल

ब्रिटिश अमदानीतल्या वर्तमानपत्रांची कात्रणं फेसबुकवर फिरतात, त्यांत हमखास एक औषधाची जाहिरात असते. एकच गोळी, आणि पित्त, मूळव्याध, निद्रानाश, ‘रक्तदोष’ सगळं खलास. खाली शंभर जण हसून जातात. माझी तक्रार हसण्याबद्दल नाही, कात्रीबद्दल आहे. त्याच पानावर, पुष्कळदा त्याच रकान्यात, भाड्याच्या घोडागाडीची जाहिरात असते आणि ती रुक्ष म्हणून कापलेली असते. दोन्ही शेजारी ठेवून वाचल्या की एक फरक डोळ्यांत भरतो. गाडीवाल्याची जाहिरात अटींनी भरलेली असते, औषधवाल्याच्या जाहिरातीत एकही अट नसते.

अटी का, ते मुंबई-पुणे रस्त्यावर समजतं. बोरघाटाचा गाडीरस्ता १० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर माल्कमने खुला केला. तरी रेल्वेच्या आधी पुण्याला जाणारा माणूस मुंबईहून होडीने पनवेलला उतरे आणि तिथून पुढचे सुमारे ७० मैल गाडीने किंवा मेण्याने काटे. पनवेलची खाडी भरती-ओहोटीची. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे होडी आज सकाळी सहाला लागली तर आठवड्याने ती दुपारीच लागणार. शिवाय पावसाळ्यात बंदर ओलांडणं बेभरवशाचं. अशा धंद्यात ‘रोज ठरल्या वेळी’ असं छापणं म्हणजे आठ दिवसांत भांडण ओढवून घेणं. म्हणून ‘भरतीप्रमाणे’, ‘जागा आधी सांगावी’, ‘भाडं आगाऊ’, ‘सामान इतक्याच वजनाचं’.

सामानाच्या वजनाची अट अनेकांना कंजूषपणा वाटते. तिचं कारण टांग्याच्या बांधणीत आहे. डाकेचा टांगा दोन चाकी, दोन तट्टांचा. मधोमध दांडी, आणि दांडीला अडकवलेला लोखंडी आडवा गज दोन्ही तट्टांच्या खोगिरांवर टेकलेला. पुढे हाकणारा आणि एक उतारू, मागे पाठीला पाठ लावून दोघे. सगळा तोल चाकांच्या कण्यावर (आसावर). मागे ट्रंक जड झाली की दांडी उचलली जाते, तंग पोटाला खालून काचतो आणि चढावर तट्टांना जोरच लावता येत नाही. पुढे भार जास्त झाला की गज पाठीवर दाबतो, खोगिराखाली कातडं सोलवटतं आणि ते तट्टू काही दिवस कामातून जातं. तेव्हा अमुक इतकंच वजन न्या, बाकीचं बैलगाडीने मागून येईल, हे वाक्य जाहिरातीत आलं ते तट्टाच्या पाठीमुळे.

आता हिशोब पाहा. ७० मैलांना सात-सात मैलांचा टप्पा धरला तर दहा टप्पे. दर टप्प्याला ताजी जोडी, म्हणजे एका खेपेला वीस तट्टं. उलट दिशेची गाडी त्याच दिवशी असेल आणि त्याच जोडीला विसावा देऊन परत जुंपायचं असेल, तरी प्रत्येक ठाण्यावर निदान एक जादा हवं, कारण लंगडणं, नाल पडणं, अडून बसणं रोजचंच. झाली तीस. तीस तट्टांची चंदी (दाणा), दहा ठाण्यांवरचे मोतद्दार (तट्टांची निगा राखणारे), नालबंद, वंगण. उन्हाळ्यात चाकाचं लाकूड सुकून आकसलं की लोखंडी धाव सैल होते, म्हणून चाकं पाण्यात भिजत ठेवायची. एवढा खर्च गाडी भरली काय नि रिकामी गेली काय, तेवढाच. आगाऊ भाड्याची अट यातून आली. महाबळेश्वरच्या टांग्यांचंही गणित असंच. रेल्वे आल्यावर वाठार स्टेशनपासून वाई, पसरणीचा घाट, पाचगणी असे साधारण ४० मैल टांग्याने जायचे, आणि हंगाम संपला की जनावरं बसून खाणार.

(एक शब्दाची गंमत. मुंबईकडच्या भाड्याच्या गाडीला साहेब लोक ‘शिग्राम’ म्हणत. इंग्रजी कोशकारांनी त्याचं मूळ आपल्या ‘शीघ्र’मध्ये शोधलं आहे. घाटात ती किती शीघ्र जात असेल ते सोडा.)

रेल्वेनेही घोडागाडी एकदम मारली नाही. १८५६ मध्ये रूळ खोपोलीला पोचले, १८५८ मध्ये खंडाळा-पुणे सुरू झालं, आणि मधला घाट १८६३ पर्यंत बाकी होता. ती पाच वर्षं माणूस खोपोलीला आगगाडीतून उतरून मेण्याने, तट्टावरून किंवा गाडीने घाट चढे आणि खंडाळ्याला पुन्हा आगगाडीत बसे. त्या काळातली कात्रणं मिळाली तर जपून ठेवा, कारण आगगाडीच्या वेळा आणि घाटातली वाहतूक एकत्र वाचायला मिळणारी ती मोजकी वर्षं.

गाडीवाल्याला दुसरा धाक कायद्याचा. भाड्याच्या घोडागाड्यांसाठी हिंदुस्थानात १८६१ साली कायदा झाला: परवाना हवा, किती माणसं आणि किती वजन ते ठरलेलं, जास्त भरलं तर दंड. १८६५ च्या वाहतूकदारांच्या कायद्याने सोनंनाणं, जवाहिर अशा ठरावीक वस्तू १०० रुपयांहून जास्त किमतीच्या असतील आणि पाठवणाऱ्याने तसं आधी सांगितलं नसेल, तर त्या हरवल्याची जबाबदारी वाहतूकदारावर राहिली नाही. ‘मौल्यवान वस्तू जाहीर कराव्यात’ ही ओळ दिसली की तिच्यामागे असा नियम असतो. औषधांच्या जाहिरातीतल्या दाव्यांना लगाम घालणारा आपला कायदा कधीचा? १९५४ चा. टांग्यात किती माणसं बसवायची हे ठरल्यावर, गोळीबद्दल काय थापा मारायच्या नाहीत हे ठरायला ९३ वर्षं लागली.

आता गोळीकडे. इंग्लंडातल्या बीचमच्या गोळ्या तेव्हा साम्राज्यभर जात. घोषवाक्य असं की डबी एक गिनी मोलाची आहे. गिनी म्हणजे २१ शिलिंग. डबीची खरी विक्रीची किंमत १ शिलिंग दीड पेनी. हा दीड पेनीचा विचित्र तुकडा इंग्लंडातल्या पेटंट औषधांवरच्या तिकीट-कराचा (डबीवर सरकारी तिकीट चिकटवून भरायचा कर), आणि तो पुष्कळ जाहिरातींत दिसतो. १९०९ साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने पृथक्करण करवून छापलं: काळा बोळ, सुंठ, साबण. छप्पन गोळ्यांच्या मालाची किंमत अर्धा फार्दिंग, म्हणजे पेनीचा आठवा भाग. कर वगळून उरलेल्या १२ पेनीशी ताडून पाहिलं तर ९६ पट. काळ्या बोळाने पोट साफ होतं हे खरंच, आणि बद्धकोष्ठाच्या माणसाला दुसऱ्या दिवशी हलकं वाटतं हेही खरं. त्या एका खऱ्या परिणामाच्या खुंटीला बाकीचे तीस रोग टांगलेले असत.

वर त्या तिकिटाचाच उपयोग जाहिरातीला. ‘सरकारी तिकिटावर आमचं नाव पाहून घ्या’ असं छापलं की वाचणाऱ्याला वाटे, सरकारने औषध तपासलं. तिकीट फक्त कर भरल्याची खूण. पुढे तिकिटावरच ‘सरकारची हमी नाही’ असं छापायची वेळ आली.

क्लोरोडाइनचं प्रकरण मात्र हसण्यावारी नेऊ नये. कॉलिस ब्राउन हा लष्करी डॉक्टर. हिंदुस्थानात असताना १८४८ च्या सुमारास त्याने ते पटकीसाठी (कॉलऱ्यासाठी) तयार केलं. अफूचा अर्क, गांजाचा अर्क आणि क्लोरोफॉर्म. यात ‘काही नसतं’ असं म्हणता येणार नाही, फारच काही असतं. अफूने आतड्यांची हालचाल मंदावते, कळ थांबते, रोगी शांत पडतो. घरच्यांना वाटतं उतार पडला. पटकीत माणूस मरतो तो अंगातलं पाणी आणि क्षार गेल्याने, आणि ते यातल्या एकाही थेंबाने भरून येत नाहीत. रोगी वाचला की आभाराचं पत्र जाहिरातीत, दगावला तर पत्र लिहिणार कोण? प्रशस्तिपत्रांचं सगळं गणित इथे आहे. १८६४ मध्ये एका प्रतिस्पर्ध्याशी खटला झाला, न्यायाधीश पेज वुड यांनी क्लोरोडाइनचा जनक ब्राउनच असं म्हटलं, आणि ते वाक्य पुढे कित्येक वर्षं जाहिरातीत छापून येत राहिलं. वाद नावाच्या हक्काचा होता, गुणाचा नव्हे. वाचणाऱ्याला मात्र कोर्टाने औषध पास केल्यासारखं वाटावं.

होलोवे या दुसऱ्या इंग्रज औषधवाल्याच्या गोळ्या-मलमाबद्दल एवढंच, की त्या पैशातून लंडनजवळ मुलींचं कॉलेज उभं राहिलं आणि १८८६ मध्ये राणी व्हिक्टोरियाने त्याचं उद्घाटन केलं. नफा कुठे गेला हे निदान दिसतं तरी.

आपल्याकडच्या वैद्यांच्या आणि कारखान्यांच्या जाहिरातींना मोठं बळ आलं ते १८७७ मध्ये टपालाची व्ही. पी. (माल हाती येताना पैसे द्यायची सोय) सुरू झाल्यावर. पोस्टमनच्या हातात पैसे ठेवा, पुडकं घ्या. फोडून पाहण्याआधी पैसे गेलेले, आणि विकणारा चारशे मैलांवर. टांगेवाला उशिरा आला तर त्याला नाक्यावर गाठता येई. या विक्रेत्याला कुठे गाठणार? आणि संपादकांनी तरी का हटकावं? औषधवाला वर्षाचा करार करणारं नियमित गिऱ्हाईक. इंग्लंडात तर वरच्या पृथक्करणाच्या पुस्तकाची जाहिरात घ्यायलाच अनेक पत्रांनी नकार दिला.

कात्रण हाती आलं तर दोन-तीन गोष्टी बघा. गाडीचं चित्र त्या गाडीचं समजू नका. घोडागाडीचे, जहाजाचे तयार ठसे छापखान्याचे खिळे (अक्षरांचे टाइप) ओतणाऱ्यांकडे विकत मिळत, तोच ठसा दहा मालकांना चाले. औषधाच्या जाहिरातीची जुळणी मोडत नसत, महिनोन्‌महिने तीच उभी राही, त्यामुळे मजकुरावरून साल ठरवू नका, पानाचं साल घ्या. गाडीच्या जाहिरातीत मात्र एखादी वेळ किंवा भाडं बदललेलं दिसलं तर ते खरोखर बदललेलं असतं. आणि कृपा करून पुढच्या वेळी पान अख्खं टाका, वरच्या तारखेसकट.