लक्ष्मणफळ केमोपेक्षा १०,००० पट भारी? तो आकडा कुठून आला ते आधी बघा

"लक्ष्मणफळ केमोपेक्षा १०,००० पट स्ट्राँग, फक्त कॅन्सरच्या पेशी मारतं, साइड इफेक्ट शून्य, कंपन्यांनी दाबून ठेवलंय." हा फॉरवर्ड आमच्या फॅमिली ग्रुपवर परत आलाय आणि यावेळी आत्याने तो वाचून केमोची तिसरी सायकल पुढे ढकलली, रोज सकाळी पातेलंभर पाणी अर्धं होईस्तोवर पानं उकळून पितेय, म्हणून लिहितोय.

१०,००० चा आकडा खरा आहे, पण कशाचा? १९९६ मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू युनिव्हर्सिटीत या फळाच्या बियांमधून सिस-अ‍ॅनोनॅसिन नावाचं एक द्रव्य वेगळं काढलं, ते डिशमधल्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या एका जातीच्या पेशींवर टाकलं, तिथे ते अ‍ॅड्रियामायसिन या केमोच्या औषधापेक्षा इतकं तीव्र निघालं. पानांचा काढा त्यात कुठेच नव्हता, पेशंटही नव्हता. डिशमध्ये द्रव्य थेट पेशीवर पडतं, माणसाच्या पोटातून, लिव्हरमधून जाऊन गाठीपर्यंत किती पोचतं हे त्या प्रयोगातून कळतच नाही.

फक्त कॅन्सरच्याच पेशी मारतं हेही चूक. अ‍ॅनोनॅसिन पेशीला ऊर्जा देणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाचं काम अडवतं, आणि ते मेंदूच्या पेशीतही असतात ना. कॅरिबियनमधल्या ग्वाडेलूप बेटावर लोक हे फळ आणि पानांचा चहा नेहमी घेतात, तिथे पार्किन्सनसारखा, नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा आजार जास्त दिसला, १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आलंय. फळामुळेच होतो हे सिद्ध झालेलं नाही, पण साइड इफेक्ट शून्य असं कुणी छातीठोकपणे सांगू नये.

आणि कंपन्या दाबतात? अहो, आपल्या कुंडीतली सदाफुली घ्या. १९५० च्या दशकात कॅनडात नोबल आणि बीअर हे संशोधक ती डायबिटीससाठी तपासत होते, उंदरांची साखर काही उतरेना पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र धडाधड कमी झाल्या, त्यातून विनब्लास्टिन हे कॅन्सरचं औषध मिळालं. तिच्यातलंच विनक्रिस्टिन आज लहान मुलांच्या ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरमध्ये देतात. १ ग्रॅम विनब्लास्टिनला साधारण ५०० किलो वाळलेली पानं लागतात, मग मूठभर पानांच्या काढ्यात काय येणार? आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही असलेलं कॅम्पटोथेसिन हे द्रव्य सुरुवातीला पेशंटना दिलं तेव्हा लघवीतून रक्त जायला लागलं, त्याच्या रचनेत बदल केले तेव्हा कुठे टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही कॅन्सरची औषधं झाली, दोन्ही अमेरिकेत १९९६ ला मंजूर. दाबायचं असतं तर ही औषधं बाजारात आलीच नसती.

आत्या, काढा आजपासून बंद कर आणि किती दिवस घेतलास ते डॉक्टरांना स्पष्ट सांग. सोमवारी सकाळी मी गाडी घेऊन येतोय, फाइल काढून ठेव.